तीस टक्क्यांच्या आत काय आहे?

भारत आणि दक्षिण कोरिया एका बाबतीत जवळजवळ सारखे आहेत. वर्षभरात देशात जेवढे उत्पादन होते, त्याचा साधारण ३० टक्के भाग हे दोन्ही देश कारखाने, यंत्रे, घरे, रस्ते, वीजवाहिन्या, संगणकप्रणाली आणि संशोधन यांत घालतात. अर्थशास्त्रात याला स्थूल स्थिर भांडवल निर्मिती म्हणतात. वर्षभरात खाऊन-वापरून संपले नाही, पुढची अनेक वर्षे उत्पन्न किंवा निवारा देत राहील, असे जे काही देशाने नव्याने उभारले त्याचा हा हिशेब.

टक्का सारखा असला तरी दोन देशांची स्थिती सारखी नाही. कोरियाचे दरडोई उत्पादन ३६ हजार डॉलरच्या आसपास आहे, तर आपले २,७०० डॉलरच्या. साठ वर्षांपूर्वी दोघेही गरीब होते. मग दोघांच्या ३० टक्क्यांत फरक काय, आणि त्यात खासगी क्षेत्राने नेमके काय केले, हा या प्रकरणाचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी पुनावळे हे चांगले ठिकाण आहे, कारण या ३० टक्क्यांतले बहुतेक सगळे घटक तिथून तासाभराच्या अंतरात सापडतात.

पुनावळे हे पवनेच्या खोऱ्यातले, मुंबई-बंगळुरू महामार्गाला लागून असलेले गाव. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याआधी इथे ग्रामपंचायत होती, शेती होती. आज सातबाऱ्यावरच्या जुन्या गटांवर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या सोसायट्या आहेत. एका बाजूला हिंजवडीची आयटी कंपन्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूला पिंपरी, आकुर्डी, भोसरीची जुनी एमआयडीसी, मोशीपलीकडे चाकण आणि देहूरोडपलीकडे तळेगाव. पुनावळ्यात फ्लॅट घेणाऱ्यांतले बरेच जण यांपैकी कुठल्या तरी दिशेला रोज कामाला जातात. त्यांचे घर, त्यांच्या कारखान्यातला रोबो, त्यांच्या ऑफिसातली प्रणाली आणि त्यांना वाटेत लागणारा रस्ता हे सगळे स्थिर गुंतवणुकीतच मोडते. फक्त खाती वेगवेगळी असतात.

काय मोजतात आणि काय मोजत नाहीत

रोजच्या बोलण्यात आपण गुंतवणूक हा शब्द फार सैल वापरतो. शेअर घेतले, गुंठाभर जमीन घेतली, सोने घेतले, फ्लॅट घेतला, की सगळी गुंतवणूक. देशाच्या हिशेबात मात्र यातले बरेचसे गळून पडते.

पुनावळ्यातला नवा फ्लॅट घ्या. त्याच्या किमतीतला सिमेंट, लोखंड, मजुरी, लिफ्ट, वायरिंग यांवरचा खर्च स्थिर गुंतवणुकीत धरला जातो. जमिनीची किंमत धरली जात नाही, कारण जमीन कोणी निर्माण केलेली नसते, ती एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असते. पाच वर्षांनी तोच फ्लॅट दुप्पट भावाने विकला, तर विकणाऱ्याला नफा होतो. देशाच्या घरांच्या साठ्यात मात्र एका विटेचीही भर पडत नाही.

शेअरचेही तसेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचे शेअर पहिल्यांदा बाजारात आले. २७,८७० कोटी रुपयांची ती विक्री त्या वेळपर्यंतची भारतातली सर्वांत मोठी होती. पण त्यात कंपनीने नवे शेअर काढलेच नव्हते. कोरियातल्या मूळ कंपनीने आपल्याकडचे काही शेअर विकले आणि पैसे तिच्याकडे गेले. त्या व्यवहारातून भारतात एकही यंत्र बसले नाही. परकीय गुंतवणुकीच्या मोठमोठ्या आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते. परदेशातून पैसा येणे ही एक घटना, त्या पैशातून शेड उभी राहणे ही दुसरी. त्या दोन एकाच वेळी घडतीलच असे नाही.

जुन्या यंत्रांचा नियम आणखी बारकाव्याचा आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपने शेजारच्या वर्कशॉपकडून धातू कापून आकार देणारे जुने व्हीएमसी मशीन घेतले, तर घेणाऱ्याच्या खात्यात अधिक आणि देणाऱ्याच्या खात्यात उणे होऊन देशाची बेरीज शून्य होते. तेच जुने मशीन परदेशातून आणले, तर भारताच्या स्थिर गुंतवणुकीत भर पडते आणि त्या देशाच्या हिशेबातून ते वजा होते. याचे ठळक उदाहरण पिंपरीतच आहे. इंडिका मोटारीसाठी टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला मोटार कारखाना विकत घेतला, तो सुटा करून जहाजाने आणला आणि पुण्यात पुन्हा जोडला. नवी यंत्रे घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडले. ऑस्ट्रेलियाने मोडीत काढलेले भांडवल भारतात नवे भांडवल ठरले आणि १९९८ च्या अखेरीस इंडिका बाजारात आली.

खासगी म्हणजे नेमके कोण

खासगी गुंतवणूक म्हटले की डोळ्यांसमोर टाटा, बजाज, महिंद्रा यांचे कारखाने येतात. भारताच्या राष्ट्रीय लेख्यांत मात्र खासगी क्षेत्राचे दोन भाग आहेत, एक खासगी कंपन्या आणि दुसरा कुटुंब क्षेत्र. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत, अलीकडच्या वर्षांत, एकूण स्थिर गुंतवणुकीपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश सरकार आणि सरकारी उपक्रम यांची, एक तृतीयांशाहून थोडी अधिक खासगी कंपन्यांची आणि सुमारे दोन पंचमांश कुटुंबांची दिसते. म्हणजे भारतात स्थिर गुंतवणूक करणारा सर्वांत मोठा गट कुटुंबांचा आहे.

कुटुंब क्षेत्र म्हणजे केवळ घर घेणारे नोकरदार नव्हेत. शेतकऱ्याची विहीर, किराणा दुकानाचा गाळा आणि ज्यांचे हिशेब मालकाच्या घरखर्चापासून पुरते वेगळे ठेवलेले नाहीत असे छोटे मालकीचे कारखाने हेही त्यात येतात. भोसरी, तळवडे या भागांतल्या अनेक छोट्या शेड, जिथे मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरकडून आलेले जॉबवर्क दोन-तीन मशिनवर होते, या खात्यात मोडतात. तरीही कुटुंब क्षेत्राच्या गुंतवणुकीचा बराच मोठा भाग घरे आणि इतर बांधकामांतच असतो.

कोरियात चित्र वेगळे आहे. तिथे स्थिर गुंतवणुकीचा साधारण सहावा भाग सरकारचा असतो आणि उरलेल्यात सिंहाचा वाटा कंपन्यांचा. तिथली कुटुंबे उंच इमारतींत राहत नाहीत असे नाही. सोलच्या अपार्टमेंटच्या रांगा पुनावळ्यापेक्षा दाट आहेत, आणि कोरियाच्या गुंतवणुकीतही बांधकामाचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. पण ज्या उद्योगांना आपल्याकडे घरगुती खात्यात जागा मिळते, त्यांतले बरेच तिथे कंपनी म्हणून नोंदलेले असतात. शिवाय कोरियाच्या कंपन्यांच्या आकड्यात वीजनिर्मितीसारख्या सरकारी मालकीच्या कंपन्याही मिसळलेल्या असतात. म्हणून ‘कोरियाच्या कंपन्या विरुद्ध भारताच्या कंपन्या’ अशी थेट तुलना केली, की आपण दोन वेगळ्या गटांची तुलना करत असतो.

चीनच्या बाबतीत हा धोका सर्वांत मोठा आहे. चीन दर महिन्याला स्थिर मालमत्ता गुंतवणुकीचा जो आकडा जाहीर करतो, त्यात जमिनीची खरेदी आणि जुनी यंत्रेही असतात. २०१६ च्या सुमारास तो आकडा चीनच्या राष्ट्रीय उत्पादनाच्या ८० टक्क्यांच्या घरात होता, तर राष्ट्रीय लेख्यांतली स्थिर भांडवल निर्मिती ४२-४३ टक्के. यातला पहिला आकडा उचलून भारताच्या ३० टक्क्यांशेजारी ठेवला, तर निघणारा निष्कर्ष निरर्थक ठरतो. अमेरिकेत दर तिमाहीला जाहीर होणाऱ्या खासगी स्थिर गुंतवणुकीत लोकांची घरे असतात, सरकारचे रस्ते आणि शाळा नसतात. एकच नाव असलेल्या रकान्यात प्रत्येक देश वेगळे काही भरतो. तुलना करणाऱ्याचे पहिले काम तो रकाना उघडून पाहण्याचे आहे.

१९६२ : उल्सान आणि पिंपरी

दोन देशांचे आजचे आकडे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६२ च्या सुरुवातीला कोरियाने उल्सान हे समुद्रकाठचे गाव औद्योगिक क्षेत्र म्हणून ठरवले. त्याच वर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, आपल्या एमआयडीसीची, स्थापना झाली. पिंपरीत त्याआधीच, १९५४ मध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा कारखाना आला होता. रस्ता, पाणी, वीज आणि आखलेले भूखंड मिळू लागल्यावर खासगी उद्योग मागोमाग आले. १९६६ मध्ये टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. उल्सानमध्ये १९६७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या ह्युंदाई मोटरने पुढच्याच वर्षी मोटारींची जुळणी सुरू केली. सुरुवातीची रेषा जवळजवळ एकच होती.

पुढचे वळण मात्र वेगळे झाले. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी पिंपरीत ट्रकची लाइन आधी टाकली नाही. आधी यंत्रे बनवणारा विभाग, डाय आणि प्रेस-टूल बनवणारा विभाग आणि कामगारांना घडवणारी प्रशिक्षणशाळा उभी केली. परकीय चलन इतके तुटपुंजे होते की यंत्रे बाहेरून आणणे कठीण होते, म्हणून यंत्रे बनवण्याची विद्याच इथे रुजवली गेली. पिंपरीतून पहिली व्यापारी गाडी बाहेर पडली ती १९७७ मध्ये. त्या प्रशिक्षणशाळेतून आणि टूलरूममधून निघालेल्या कित्येक कारागिरांनी पुढे भोसरी-चिंचवडमध्ये स्वतःची वर्कशॉप काढली. या पट्ट्याची खरी पुंजी तिथे तयार झाली. ती पुंजी हातांत आणि डोक्यांत होती, आणि स्थिर भांडवलाच्या कुठल्याही रकान्यात तिची नोंद नाही.

कोरियाने वेगळा मार्ग धरला. बँका १९६१ मध्येच सरकारच्या ताब्यात घेतल्या होत्या. जी कंपनी ठरलेली निर्यात करून दाखवेल, तिला स्वस्त कर्ज. जी दाखवणार नाही, तिचा हात आखडता. १९७३ मध्ये जड आणि रासायनिक उद्योगांवर सगळा जोर लावला गेला, १९७४ मध्ये चांगवॉनला यंत्रउद्योगाची वसाहत उभी राहू लागली. ह्युंदाईची पोनी ही मोटार १९७५ च्या अखेरीस कारखान्यातून निघाली आणि १९७६ मध्ये तिच्या काही गाड्या इक्वेडोरला गेल्याही. पोनीचे रूप इटलीतल्या तुरिनच्या जॉर्जेत्तो ज्युजारोने रेखाटले होते. इंडिकाचे रूपही तुरिनच्याच एका डिझाइन संस्थेच्या मदतीने घडले. दोन्ही देशांच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा मोटारी एकाच शहरातल्या कागदावर आकाराला आल्या, पण त्यांच्यात तेवीस वर्षांचे अंतर पडले.

ही तेवीस वर्षे कशात गेली? कौशल्य कमी होते म्हणून नव्हे. भारतात क्षमता वाढवायला परवाना लागत असे. १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यानंतर मोठ्या उद्योगसमूहांवर आणखी निर्बंध आले. आकुर्डीत बनणाऱ्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. मागणी दारात उभी, उद्योजकाची इच्छा आहे, कामगार तयार आहेत, तरी आणखी यंत्रे बसवायला मुभा नाही, अशी ती स्थिती होती. स्थिर गुंतवणूक पैशाअभावी थांबते, तशी परवानगीअभावीही थांबते. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरचा परवाना उठला, १९९३ मध्ये मोटारींवरचाही. त्यानंतर मर्सिडीज आली, १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा, २०१० मध्ये महिंद्राचा. चाकणच्या माळरानाचे मोटारनगर व्हायला अवघे एक दशक लागले.

कोरियाची वाटही निष्कंटक नव्हती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथली गुंतवणूक उत्पादनाच्या ३० टक्क्यांपलीकडे गेली आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ३५ टक्क्यांच्याही वर राहिली. त्यातली बरीच कर्जावर होती. १९९७ मध्ये हानबो ही पोलाद कंपनी बुडाली, किया अडचणीत आली, वर्षाअखेर देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले, आणि दोन वर्षांत देवू समूहही कोसळला. गुंतवणुकीचा टक्का जितका मोठा तितके चांगले, हा समज कोरियानेच खोटा ठरवला. भारतानेही त्याचा छोटा अनुभव घेतला. २००७-०८ च्या सुमारास आपली गुंतवणूक ३५ टक्क्यांच्या आसपास गेली होती. वीज, पोलाद, रस्ते यांत कंपन्यांनी काढलेली कर्जे पुढे थकली, बँका आणि कंपन्या दोघेही वाकले, आणि त्यानंतरचे दशकभर खासगी कंपन्यांनी हात राखून खर्च केला.

सारख्या टक्क्यातले तीन फरक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज दोघेही तिशीच्या आसपास आहेत, तर फरक कुठे आहे?

पहिला फरक माणशी रकमेचा. ३६ हजार डॉलरचे ३० टक्के म्हणजे माणशी सुमारे १०,८०० डॉलर. २,७०० डॉलरचे ३० टक्के म्हणजे माणशी सुमारे ८१० डॉलर. टक्का तोच, रक्कम तेरा पट. कोणी म्हणेल, भारतात वस्तू स्वस्त आहेत. बांधकामाच्या मजुरीबाबत ते खरे आहे. पण जपानहून किंवा कोरियाहून येणाऱ्या, संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनची किंमत चांगवॉनमध्ये जेवढी, जवळजवळ तेवढीच भोसरीत. त्यावर वाहतूक आणि कर्जाचे व्याज वेगळे. घर बांधताना आपला रुपया लांब जातो, यंत्र घेताना तो आखूड पडतो. कोरियात कारखान्यांतल्या दर दहा हजार कामगारांमागे हजाराहून अधिक रोबो आहेत, जगात सर्वांत जास्त. यामागे अनेक दशकांच्या अशा माणशी गुंतवणुकीचा थर आहे.

दुसरा फरक ज्ञानाचा. संशोधनावरचा खर्च आता स्थिर भांडवलातच मोजला जातो, कारण त्यातून तयार होणारे तंत्र अनेक वर्षे उपयोगी पडते. कोरिया आपल्या उत्पादनाच्या सुमारे ५ टक्के संशोधनावर खर्च करतो आणि त्यातले जवळजवळ चार पंचमांश काम कंपन्यांत होते. भारताचा खर्च ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक. दोन देशांच्या खासगी गुंतवणुकीतली सर्वांत रुंद दरी इथे आहे. पिंपरीत टेल्कोने १९६६ मध्येच संशोधन केंद्र काढले होते, हा अपवाद मोलाचा आहे. पण या पट्ट्यातल्या बहुसंख्य व्हेंडरांना ड्रॉइंग वरच्या कंपनीकडून येते, तिला परदेशातून. जो दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतो, त्याला मजुरी मिळते. ड्रॉइंग ज्याचे, त्याला नफा.

तिसरा फरक झिजेचा. स्थूल गुंतवणुकीत जुनी यंत्रे बदलण्याचा खर्चही असतो. जुन्या वाड्याच्या मालकाला दरवर्षी मोठा खर्च डागडुजीवरच करावा लागतो, नवे घर बांधणाऱ्याचा पैसा मात्र नव्या खोल्यांत जातो. देशांचेही असेच आहे. कोरियाचे भांडवल प्रचंड आहे, त्यामुळे झीजही प्रचंड, उत्पादनाच्या २० टक्क्यांच्या आसपास. भारताची झीज ११-१२ टक्क्यांच्या घरात. ती वजा केली, तर उत्पादनाच्या प्रमाणात निव्वळ नवी भर भारतात कोरियापेक्षा अधिक पडते. हा फरक आपल्या बाजूचा आहे. आपण अजून उभारणीच्या टप्प्यात आहोत. म्हणूनच आज काय उभारतो, यावर पुढच्या चाळीस वर्षांचे रूप ठरणार आहे.

सरकारी पैशाची साथ

खासगी गुंतवणूक एकटीने फळत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने कंपन्यांवरचा करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी १५ टक्क्यांवर. तरी कंपन्यांची यंत्रांवरची गुंतवणूक अपेक्षेइतकी वाढली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत कारखान्यांची क्षमता जेमतेम ७५ टक्क्यांपर्यंतच वापरात दिसत होती. असलेली लाइन पूर्ण चालत नसताना नवी लाइन कोण टाकेल? ती पोकळी सरकारने भरली. केंद्राच्या भांडवली खर्चाची तरतूद २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ११ लाख कोटी रुपयांच्या वर गेली.

स्थानिक पातळीवर हीच गोष्ट पुनावळ्याचे रहिवासी रोज अनुभवतात. हजारो कुटुंबांनी कर्ज काढून घरे घेतली, ती खासगी स्थिर गुंतवणूक झाली. महामार्गाखालचा अंडरपास मात्र सकाळ-संध्याकाळ तुंबतो. नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येऊ लागले, आणि अनेक सोसायट्यांचा महिन्याचा मोठा खर्च टँकरवर जाऊ लागला. पवना धरणातून बंद नळातून पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौरजवळच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला आणि योजना दशकाहून अधिक काळ ठप्प राहिली. सार्वजनिक गुंतवणुकीचा भार ज्यांच्यावर पडतो त्यांना विश्वासात घेतले नाही, तर किती मोठी किंमत मोजावी लागते, हे मावळ विसरलेला नाही. रस्ता आणि पाणी मागे राहिले, की खासगी घरातला आणि खासगी कारखान्यातला प्रत्येक रुपया कमी फळ देतो. चाकणच्या चौकांत तासन्‌तास उभा राहणारा कंटेनर हा त्याचाच हिशेब आहे.

तळेगावचा कारखाना

या सगळ्या नियमांची कसोटी पाहायची तर पुनावळ्याहून फार दूर जायला नको. तळेगावला जनरल मोटर्सने मोटारींचा कारखाना उभारला आणि २००८ मध्ये सुरू केला. इमारती, प्रेसशॉप, पेंटशॉप, सगळे नवे. पैसा अमेरिकी कंपनीचा असला तरी ही भारताची खासगी स्थिर गुंतवणूक झाली, कारण मालकाचे नागरिकत्व इथे विचारात घेत नाहीत, मालमत्ता कुठल्या देशात उभी राहिली हे पाहतात. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले.

मधल्या काळात, जानेवारी २०२० मध्ये, चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने हा कारखाना घेण्याचा करार केला आणि जूनमध्ये राज्य सरकारबरोबर मोठ्या गुंतवणुकीचा सामंजस्य करारही झाला. वर्तमानपत्रांत आकडे झळकले. पण एप्रिल २०२० मध्ये भारताने सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. ती मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्याला करार संपुष्टात आला. जाहीर झालेल्या त्या गुंतवणुकीतून स्थिर भांडवलात पडलेली भर शून्य.

मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने विकला, ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने घेतला, म्हणून त्या खरेदीने देशाच्या बेरजेत भर पडली नाही. भर पडली ती पुढे, जेव्हा ह्युंदाईने जुन्या शेडमध्ये नवी यंत्रे बसवायला सुरुवात केली. २०२५ मध्ये तिथून उत्पादन पुन्हा सुरू झाले. २०२८ पर्यंत वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता करण्याचे कंपनीचे उद्दिष्ट आहे. १९६८ मध्ये उल्सानला जुळणीने सुरुवात केलेल्या कंपनीचे उल्सानचे संकुल आज वर्षाला सुमारे १४ लाख गाड्या बनवू शकते, आणि तीच कंपनी आता पिंपरीच्या शेजारी यंत्रे बसवते आहे. साठ वर्षांत दोन देशांतले अंतर किती पडले आणि ते भरून काढायला कुठून सुरुवात करता येईल, हे दोन्ही तिथे दिसते.

या कारखान्याच्या बंद काळाबद्दल गुंतवणुकीचे आकडे काहीच सांगत नाहीत. यंत्रे पडून राहिली, जुन्या कामगारांचा लढा न्यायालयापर्यंत गेला, भोवतीच्या व्हेंडरांची कामे सुटली. स्थिर गुंतवणूक एकदा नोंदली जाते ती उभारणीच्या वर्षी. तिचा उपयोग झाला की नाही, हे नंतरच्या उत्पादनात आणि रोजगारात शोधावे लागते.

तुलना वाचताना

यापुढे दोन देशांच्या खासगी गुंतवणुकीची तुलना वाचाल, तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. खासगी म्हणताना घरे आणि कुटुंबांचे उद्योग धरले आहेत का? जमीन, शेअर आणि जुन्या मालमत्तेची खरेदी वगळली आहे का? आकडा झीज वजा करून काढला आहे की न करता, आणि तो नुसता टक्का आहे की माणशी रक्कम? आणि शेवटी, तो पैसा बांधकामात गेला, यंत्रात गेला की संशोधनात?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर भारतासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. घरे हवीतच. पुनावळ्यात घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने कष्टाचा पैसा निवाऱ्यात घातला आहे आणि त्यात गैर काहीच नाही. पण घर उत्पन्न वाढवत नाही, घरातल्या माणसाच्या हाती असलेले यंत्र आणि त्याला येत असलेले तंत्र ते वाढवते. भारताचा ३० टक्के हा आकडा लहान नाही, तो ३५ वर नेण्याची घाईही नको. कोरियाने १९९७ मध्ये त्या घाईची किंमत मोजली आहे. बदलायला हवे ते त्या आकड्याच्या आतले: कंपन्यांनी संशोधनाला आजच्या कितीतरी पट पैसा द्यावा, भोसरीच्या छोट्या वर्कशॉपला नवे यंत्र घेण्यासाठी परवडणारे कर्ज मिळावे, आणि पाणी व रस्ते कारखान्यांच्या आणि घरांच्या आधी पोचावेत. या तीन गोष्टी झाल्या, तर तोच ३० टक्के आपल्याला आज देतो त्याहून पुष्कळ अधिक देईल.